देवाजी आचाऱ्यानं काय सोडलं

आंधळगावच्या देवाजी आचाऱ्याच्या हातची वांगे-आलूची भाजी खायला माणसं लग्नाला जायची. नवरा कोण, नवरी कोण हे पंगतीत बसल्यावर विचारायची. पंचवीस वर्षं मोहाडी तालुक्यातल्या कितीतरी मांडवांमागची भट्टी त्यानं पेटवली. आणि स्वच्छतेचं असं वेड की काय सांगावं! वांगी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय विळीला लागायची नाहीत. कोणी भट्टीजवळ तंबाखूचा खर्रा थुंकला, की देवाजी हातातला झारा घेऊनच त्याच्या मागं लागायचा. मदतीची माणसं पाठीमागं त्याला ‘धुतला तांदूळ’ म्हणायची आणि फिदीफिदी हसायची. हसेनात का! देवाजीच्या गंजात, भाजीच्या त्या मोठ्या पातेल्यात, कधी कोणाला केस सापडला नाही.

अशा माणसाला रोग लागावा तो कोणता! दैवालाही काही लाजलज्जा नसते, दुसरं काय. आधी पोटात कळ यायची, बेंबीच्या वरच्या अंगाला, आणि ती सरळ पाठीत घुसायची. गुडघे छातीशी घेऊन वाकून बसलं तरच जरा आराम पडायचा. कळ एक वेळ परवडली, पण शौचाला जे व्हायचं ते देवाजीला बघवत नव्हतं. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं. दोन बादल्या ओतल्या तरी जायचं नाव नाही. आणि वास! संडास अंगणाच्या पार टोकाला, तरी वास ओसरीपर्यंत. आपल्याच पोटातून ही घाण निघते याची त्याला अशी शिसारी यायची, की घरातलं कोणी जायच्या आत तो स्वतः फिनाइल आणि खराटा घेऊन संडास घासायचा, मग रगडून अंघोळ करायचा, आणि तरीही भट्टीवर उभा राहिला की हात नाकाशी नेऊन हुंगून बघायचा. बहात्तर किलोचा माणूस दीड वर्षात एक्कावन्नवर आला. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला.

गावात एक इंजेक्शनवाला डॉक्टर होता. डॉक्टर आपलं म्हणायचं. बॅग होती म्हणून डॉक्टर. देवाजी वाकत वाकत गेला की तो काही विचारायचा नाही, तपासायचा नाही, कमरेत सुई टोचून मोकळा व्हायचा. दहा मिनिटांत कळ गायब. पण त्या सुईनं जीभ जड व्हायची, डोळे चढायचे, पाय एका जागी ठरायचे नाहीत. देवाजी भर दुपारी भिंत धरत धरत घराकडे निघायचा आणि पारावर बसलेले रिकामटेकडे एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

‘‘पाह्य गा, निघाला बापाच्या वळनावर.’’

देवाजीचा बाप चिंधू मोहाची दारू प्यायचा. प्यायचा म्हणजे कसा, तर नालीत पडलेला सापडायचा, आणि त्याला उचलून घरी आणायचं काम देवाजीच्या वाट्याला यायचं. ओकारीनं भरलेला बापाचा सदरा त्यानं लहानपणी इतक्यांदा धुतला होता, की पुढं मोहाचा नुसता वास आला तरी तो रस्ता बदलायचा. त्यानं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. लग्नाचं काम आटोपलं की आचाऱ्याच्या हाती गुपचूप बाटली ठेवायची रीत आहे; देवाजी ती देणाऱ्याच्याच हाती परत ठेवायचा. हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण माहीत असलेलं विसरायला माणसांना काय वेळ लागतो!

बायको विसरली, हे मात्र त्याला फार लागलं. रुखमिणीनं लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याचं सगळं काढलेलं. दारूच्या घरात एकदा होरपळलेली बाई. नवऱ्याचा पाय जरा वाकडा पडला की तिला सासराच दिसायचा. ती दारातच उभी राहायची आणि त्याच्या तोंडाशी नाक आणायची.

‘‘तोंड उघडा.’’

‘‘काहून?’’

‘‘उघडा म्हनलं ना.’’

‘‘येते का वास? सांग ना, येते का?’’

‘‘वास न येनारी बी भेटते म्हनतेत आजकाल,’’ रुखमिणी म्हणायची आणि तोंड फिरवून आत जायची.

आता याच्यावर काय बोलायचं? वास आला तर प्यायला, नाही आला तर बिनवासाची प्यायला. सव्वीस वर्षं संसार केलेल्या बायकोनं दारात उभं करून आपलं तोंड हुंगावं, याची देवाजीला किळस यायची. तिची नाही, त्या हुंगण्याची.

शेवटी मुलीनं जोर धरला. उर्वशी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होती, बी. एस्सी.ला. घरात तिचा एकटीचा बापावर विश्वास होता, आणि त्याला कारणही साधं होतं: तिनं एकदा त्या इंजेक्शनवाल्याच्या दारातून बापाला आपल्या हातानं धरून घरी आणलं होतं. जाताना सरळ चालणारा माणूस येताना कसा लडबडतो हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं आईला सांगितलं, पारावरच्यांना सांगितलं, कुणी खरं मानलं नाही. मग एका सोमवारी ती बापाला घेऊन नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथला डॉक्टर वयस्क होता आणि घाईत होता. पोटाचा फोटो उजेडावर धरला, स्वादुपिंडात खडे दिसले. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘किती पिता?’’

‘‘नाही पेत जी.’’

‘‘सगळे हेच म्हणतात.’’

झालं. एवढीच चौकशी. कागदावर काहीतरी खरडलं, औषधं लिहिली, पुढचा पेशंट आत. येताना एस.टी.त उर्वशीनं फाइल उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

‘‘काय लिवलं आहे गा?’’ देवाजीनं विचारलं. लाडात आला की मुलीलाही तो ‘गा’ म्हणायचा.

‘‘अल्कोहोल, डिनाइज.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हणजे, नाही म्हणतो.’’

‘‘मंग बरोबरच लिवलं. मी नाहीच म्हनलं.’’

‘‘बाबा, ‘पीत नाही’ असं नाही लिहिलं. ‘पीत नाही असं म्हणतो’, असं लिहिलं आहे.’’

देवाजी खिडकीबाहेर बघत राहिला. एका शब्दात डॉक्टरनं त्याला खोटारडा ठरवलं होतं, आणि वर तपासणीची फीही घेतली होती. खिडकीतून थुंकावं असं त्याला वाटलं. पण थुंकणं त्याला जमत नसे, म्हणून त्यानं तोंडातलं गिळलं.

औषधांची मोठी पिशवी घरी आली. एक गोळी पित्ताची, सकाळी उपाशीपोटी. दुखलं तर एक साधी गोळी. जीवनसत्त्वांच्या दोन, कारण तेलकट पचत नाही तर त्याच्याबरोबरची जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. साखर वाढलेली, म्हणून इन्सुलिनची सुई. ती द्यायला उर्वशी शिकली. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे बारीक दाण्यांनी भरलेल्या मोठ्या कॅप्सूल. आपलं स्वादुपिंड जेवण पचवायचा जो रस सोडतं, तोच रस त्यात वाळवून भरलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, जेवणासोबत दोन.

औषधाच्या दुकानदाराला बोलायची खाज. त्यानं कॅप्सूलची डबी पुढं सरकवत सांगून टाकलं, ‘‘डुकराच्या स्वादुपिंडापासून करते कंपनी हे.’’ अरे, तुला कोणी विचारलं होतं का बाबा? देवाजी बकऱ्याचं मटन रांधायचा आणि खायचाही, पण डुक्कर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं घरामागच्या नालीत लोळणारी ती काळी जनावरं यायची. रुखमिणीनं ऐकलं तशी ती डबी देव्हाऱ्याजवळून उचलून खिडकीत ठेवली. देवाजीनं डोळे मिटले, नाक दाबलं आणि पहिली कॅप्सूल गिळली. पोटात गेलेली आहे हे विसरायला त्याला अर्धा दिवस लागला. पण गिळली. रोज गिळत राहिला, एकही दिवस न चुकवता. बरं व्हायचं होतं ना.

आणि बरं काय वाटावं? काही नाही! लग्नसराई सुरू झाली, फाल्गुन गेला, चैत्र गेला. कळ तशीच, संडासाची घाण तशीच, वजन आणखी एक किलो कमी. कळ उठली की तो पुन्हा त्या सुईवाल्याकडे जायचा. आता तर सुई घेतली नाही तर अंगाला घाम सुटायचा, हात थरथरायचे. देवाजीला कळत होतं की हे काही बरं लक्षण नाही. पण लाखनीच्या ताराचंदचं काम हाती होतं. ताराचंद मंडप आणि जेवणाची कंत्राटं घ्यायचा. देवाजीच्या वर्षभराच्या निम्म्या तारखा त्याच्याच.

वैशाखात लाखनीजवळच्या एका लग्नात ऐन बुंदी पाडताना कळ आली. देवाजी कुठूनशी सुई टोचून आला, भट्टीशी उभा राहिला आणि त्याचा तोल गेला. झारा कढईत पडला, तेल उडालं. नशीब, कोणी भाजलं नाही. ताराचंद धावत आला.

‘‘देवाजी, मले बेवडा आचारी नाही पायजे. उद्यापासून येऊ नको.’’

‘‘मी पेलो नाही ताराचंदभाऊ. सुई घेतली, दुखते म्हनून.’’

‘‘हाव, आन् मी वर्धेचा साधू आहो. जाय, घरी जाऊन झोप.’’

चार-पाचशे माणसांच्या देखत हे झालं. नवरदेवाकडच्या एका टोणग्यानं तर मोबाइलवर शूटिंग केलं आणि तो व्हिडिओ देवाजीच्या आधी आंधळगावात पोचला. रुखमिणीनं तो शेजारणीच्या फोनवर पाहिला. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं त्या दिवसापासून त्याचं अंथरूण ओसरीवर टाकायला सुरुवात केली. देवाजीला वाटलं, त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. एक माणूस, फक्त एक, आपण प्यायलो नाही हे मनापासून मानतो एवढं त्याला पुरलं असतं. ती एक रुखमिणी असावी एवढाच त्याचा हट्ट होता. जग गेलं चुलीत.

जूनमध्ये उर्वशीनं त्याला पुन्हा नागपूरला नेलं. या खेपेला डॉक्टर दुसरा होता, तरुण. त्यानं वजन पाहिलं, औषधांची रिकामी पाकिटं मोजली, कपाळाला आठी घातली आणि दोघांना आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. साधना त्यांचं नाव. वय असेल तिशीचं. देवाजीनं गाव सांगितलं तशी त्या हसल्या.

‘‘मी लाखनीचीच आहे काका. आता सांगा, दिवसाचं जेवण किती वेळा?’’

‘‘एक डाव जी. काम असलं की एकच.’’

‘‘आणि कॅप्सूल?’’

‘‘जेवनासोबत दोन. लिवल्यापरमाने.’’

‘‘जेवता कधी?’’

‘‘पंगती उठल्या का मंग. चार वाजते, पाच वाजते. पाहुने जेवाच्या आधी आचारी पान वाढून घेत नसते.’’

 साधनाबाईंनी वही बाजूला सारली. ‘‘बरं, जेवण सोडून द्या. लग्न असलं की सकाळपासून तुमच्या तोंडात काय काय जाते ते सांगा.’’

‘‘काहीच नाही जी. चहा.’’

‘‘भाजीचं मीठ कसं पाहता?’’

‘‘पळीनं तर्री हातावर घ्याची आन् चाखाची.’’ देवाजीनं डावा तळवा पुढं करून दाखवला. एकदम त्याचा चेहरा खुलला. कामाचं बोलायला लागला की तो आजारी दिसत नसे. ‘‘एकडाव मसाला भाजला का, एकडाव तेल सुटलं का, एकडाव वांगे शिजले का. मंग वरून हिरवा सांभार चिरून टाकल्यावर शेवटचं. चार गंज असले तर चाराईचं. बुंदीचा पाक धरला का नाही ते मूठभर खाल्ल्याशिवाय कसं समजनार? वडा आतून कच्चा तर नाही, म्हनून फोडून एक खाचा. पुरी एक. मठ्ठा...’’

‘‘आणि घरी?’’

‘‘घरी बी तसंच. उभ्या-उभ्या भजा, चिवडा, काई असलं तर. ते काय जेवन थोडीच आहे? ते तर चाखनं.’’

उर्वशीनं कपाळावर हात मारून घेतला. साधनाबाई हसल्या नाहीत.

‘‘काका, ते चाखनं आहे हे तुमच्या जिभेले माहीत आहे. तुमच्या पोटाले कसं माहीत असंल?’’ त्या आता पुऱ्या लाखनीच्या बोलीत आल्या. ‘‘सकाळपासून पंगतीतल्या माणसापेक्षा जास्त तेल तुमच्या पोटात जाते. त्याच्यासोबत कॅप्सूल नाही. मग संध्याकाळी जेवताना दोन घेता. सकाळचा पाहुणा उपाशी गेला आन् तुम्ही त्याच्यासाठी संध्याकाळी पान वाढता.’’

 पंचवीस वर्षं देवाजीच्या हिशेबी बसून खाल्लं ते जेवण, उभ्यानं खाल्लं ते काहीच नाही. कोणत्याही आचाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. आणि या एका शब्दापायी तो डुकराचा रस नाक दाबून गिळत होता तो सगळा फुकट! त्याला स्वतःचाच असा संताप आला, की त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

‘‘सोपा उपाय आहे,’’ साधनाबाई म्हणाल्या. ‘‘चाखा आणि थुंकून टाका.’’

‘‘भट्टीजवळ थुंकू? मी?’’ देवाजी खुर्चीतून उठलाच. ‘‘छी छी! त्यापेक्षा मरतो जी.’’

मग दुसरी तोड निघाली. चाखायचं ते दिवसभर नाही, दोनच वेळा, बसून, आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल. चावायची नाही, फोडायची नाही, गरम तर्रीत मिसळायची नाही. बाकी वेळ नाकानं काम भागवायचं. तरुण डॉक्टरनं त्या सुईबद्दल ऐकलं तेव्हा तो खवळला. अशा सुयांची सवय लागते, म्हणाला; आणि ती सोडवायचा रस्ता लिहून दिला: दुखण्याची साधी गोळी दुखायच्या आधीच ठरल्या वेळी, झोपताना नसांच्या दुखण्याची एक, आणि अगदीच असह्य झालं तर मोजून चार दिवस जरा जोरकस गोळी, तीही आपल्याला फोन करूनच. उर्वशीनं फाइलमधलं ते वाक्य त्याच्यापुढं धरलं. त्यानं वाचलं, देवाजीकडे पाहिलं आणि सांगितलं, की दारूनं हा आजार होतो हे खरं, पण न पिणाऱ्यांनाही होतो, आणि आपल्याकडे कित्येकांचं कारण सापडतच नाही. जुन्या ओळीखाली त्यानं लिहिलं, ‘पीत नाहीत.’

‘‘कागदाचं काय घेऊन बसली,’’ घरी रुखमिणी उर्वशीला म्हणाली. ‘‘तुनं लिवा म्हनलं, त्यानं लिवलं.’’

सुई सोडणं काही गंमत नव्हती. दहा-बारा दिवस देवाजी ओसरीवर तळमळला. घाम, मळमळ, नाकातून पाणी, अंगभर मुंग्या फिरल्यासारखं. खाल्लेलं उलटायचं आणि तो आपली ओकारी आपणच पुसायचा. बापाची पुसायचा तशी. रुखमिणी लांबून बघायची आणि समजायची, दारू सुटून राहिली. शेजारणींना तिनं तसंच सांगितलं. जे खरं सोडलं त्याचं नाव कोणाच्या तोंडी नाही, आणि जे धरलंच नव्हतं त्याच्या सुटण्याची गावभर चर्चा!

पण गोळ्या लागू पडल्या. कळ पार गेली असं नाही, पण जगण्याजोगी झाली. गावातल्या तेरवीचा, बारशाचा स्वयंपाक करताना देवाजी आता पाट टाकून बसायचा, कॅप्सूल तोंडात टाकायचा, मग चाखायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. श्रावणात एका सकाळी संडासातून आला तो ओसरीवर उभाच राहिला. सांगायची गोष्ट नाही, पण सांगतो: एका बादलीत सगळं गेलं होतं, तरंगलं नव्हतं. एवढ्यासाठी माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं, म्हणजे काय हाल झाले असतील त्याचे! दसऱ्यापर्यंत वजन सत्तावन्नवर गेलं. गाल भरले. पाय सरळ पडायला लागले.

आणि तिथूनच खरा उबग सुरू झाला.

‘‘वा देवाजी! सोडली तं कसा सुधरला!’’ रस्त्यात जो भेटेल तो पाठीवर थाप मारायचा. ‘‘अशीच हिंमत ठेव गा.’’ जन्मभर पिऊन लिव्हर सडवलेले लोक त्याला हिंमत शिकवायचे. तो सांगायचा, गोळ्यांनी बरा झालो. ते डोळा मारायचे. ताराचंदचाही फोन आला: सोडली असं ऐकलं, चारचौघांत कबूल कर, मग तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा तुझ्याच. देवाजीनं फोन ठेवून दिला.

गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष शकुनबाई एक दिवस घरी आल्या. ऑक्टोबरच्या शेवटी मंडळाचा कार्यक्रम होता, ग्रामपंचायतीपुढच्या मैदानात, दुपारी. दारू सोडलेल्या माणसाचा सत्कार करायचा होता, आणि गावात सोडलेला म्हणण्याजोगा दुसरा कोणी नव्हता.

‘‘मी येत नाही,’’ देवाजी म्हणाला.

‘‘येतीन, येतीन,’’ रुखमिणी आतून म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात हसू होतं. ते ऐकून देवाजीला वाटलं, जावं. माईक हातात येईल. एकदाचं सगळ्यांना स्पष्ट सांगावं, रुखमिणीच्या देखत.

गेला. गावात कोशाचं रेशीम विणणारे असून शाल मात्र बाजारातली, खरखरीत, टोचणारी. शकुनबाईंनी ती खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर सगळा गाव. पहिल्या रांगेत मुद्दाम लाखनीहून आलेला ताराचंद, बायकांत रुखमिणी, नवं लुगडं नेसून. उर्वशी कॉलेजला गेली होती.

‘‘मी दारू सोडली नाही,’’ देवाजी म्हणाला.

एकदम कुजबुज उठली. कोणीतरी हसलं.

‘‘सोडाले आधी धरा लागते. मी कधी धरलीच नाही. मले स्वादुपिंडाचा रोग आहे. ते माह्यावाल्या पोटात रस सोडत नाही. मी त्याच्या गोळ्या खातो. चाखताना बी खातो. त्यानं बरा झालो. बस.’’

मागची माणसंही मान उंचावून बघायला लागली. क्षणभर देवाजीला वाटलं, पटलं. मग शकुनबाईंनी त्याच्या हातातून हळूच माईक घेतला. 

‘‘पाहा बायांनो! अजून बी बोलाची लाज वाटते मानसाले. हेच पायजे. ज्याले लाज वाटते तोच सुधरते!’’

आणि टाळ्या! काय त्या टाळ्या! ताराचंद उभा राहून वाजवत होता. देवाजीनं रुखमिणीकडे पाहिलं. ती रडत होती आणि टाळ्या वाजवत होती.  शाल अंगावर तशीच ठेवून तो मंचावरून उतरला आणि सरळ घरी आला.

मागोमाग रुखमिणी आली. तिनं शाल घडी करून पेटीत ठेवली, पाट मांडला, पान वाढलं, आपल्या हातानं पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग त्याच्यासमोर बसली.

‘‘लोकाईसमोर नाही बोलले, ठीक आहे. आता घरात कोनी नाही. एकडाव मले तरी खरं सांगा. मी काई म्हननार नाही. माफ केलं मी तुमाले.’’

माफ केलं! त्या एका शब्दानं देवाजीच्या अंगावर काटा आला. संडास घासताना, डुक्कर गिळताना, आपली ओकारी पुसताना आली नव्हती एवढी किळस त्याला आता आली. न केलेल्या गुन्ह्याची माफी, तीही पान वाढून, मायेनं, डोळ्यांत पाणी आणून. किती वर्षं तेच तेच सांगायचं? कोणाला? वीट आला होता त्याला. स्वतःच्या खऱ्या बोलण्याचाही वीट आला होता.

‘‘हाव,’’ तो ओरडला. ‘‘पेत होतो. रोज पेत होतो. झालं समाधान?’’

रुखमिणीनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. ‘‘मले माहीतच होतं,’’ ती म्हणाली. पण रागानं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि हसली. लग्न झालं तेव्हाची हसायची तशी. त्याचं सगळं खरं बोलणं तिच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं, हे खोटं मात्र एका झटक्यात पोचलं. ती वरणावर पिळायला लिंबू आणते म्हणून उठली आणि दाराकडे वळली.

दारात उर्वशी उभी होती. कॉलेजातून आलेली, खांद्यावर बॅग तशीच. हातात येता येता भरून घेतलेली, त्याच्या जेवणाआधीची इन्सुलिनची सुई. रुखमिणी तिच्या जवळून बाहेर गेली. उर्वशीनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

‘‘उर्वशी, खोटं बोललो मी,’’ देवाजी घाईघाईनं म्हणाला. ‘‘हिचं तोंड बंद कराले बोललो. तुले तं माहीत आहे ना गा, मी...’’

 ती पाटाशेजारी बसली, त्याचा सदरा वर केला, पोटाची चिमटी धरली आणि रोजच्यासारखी सुई टोचली. कापूस दाबून धरला. मग तिनं मान वर केली.

‘‘आता खोटं बोलले बाबा,’’ तिनं विचारलं, ‘‘की इतके दिवस खोटं बोलत होते?’’